क्वांटम संदेशवहन : विज्ञानाची झेप आणि कायद्याची जबाबदारी

राज्यकारभार, व्यापार आणि संरक्षण या तिन्ही क्षेत्रांत संदेशाची गुप्तता राखणे ही प्राचीन काळापासूनची गरज होय. पूर्वी लखोट्यावर मोहोर उठविली जाई, हरकाऱ्याच्या निष्ठेवर भरवसा ठेवला जाई आणि महत्त्वाचा मजकूर सांकेतिक लिपीत लिहिला जाई. पुढे तारयंत्र आले. त्यामागोमाग दूरध्वनी, उपग्रह आणि संगणक आले. साधने पालटली, परंतु गरज तीच राहिली. आता प्रकाशाच्या सूक्ष्मतम कणांच्या साहाय्याने गुप्तता राखण्याचे एक नवे तंत्र प्रयोगशाळेतून बाहेर पडून प्रत्यक्ष वापराच्या उंबरठ्यावर आले आहे. पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, या शास्त्रशाखेवर ते आधारलेले असल्याने त्यास ‘क्वांटम संदेशवहन’ असे म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानी यावे.

या तंत्राविषयी ‘अभेद्य’ हा शब्द वारंवार वापरला जातो. तारेतून जाणाऱ्या संदेशापुरता तो बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु तार जेथे संपते तेथे यंत्र असते, आणि यंत्रापाशी माणूस असतो. निसर्गनियमांचे संरक्षण तारेपुरते आहे. त्यापुढचे संरक्षण कायद्याने, मानकांनी आणि उत्तरदायी प्रशासनानेच द्यावयाचे आहे. ही व्यवस्था जाळे उभे राहण्यापूर्वी करावयाची की नंतर, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आजचे कुलूप आणि उद्याची भीती

बँकेचे व्यवहार, शासकीय संकेतस्थळे, भ्रमणध्वनीवरील संदेश या सर्वांची गुप्तता आज प्रामुख्याने गणितावर अवलंबून आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तीन शास्त्रज्ञांनी शोधून काढलेली ‘आर.एस.ए.’ पद्धती हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकार हाती देऊन मूळ संख्या शोधावयास सांगितल्यास उत्तमोत्तम संगणकही हतबल होतात. या अवघडपणावरच आजचे कुलूप टिकून आहे.

१९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञाने असे दाखवून दिले की, पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक हे काम अल्पकाळात करू शकेल. तेवढ्या क्षमतेचा संगणक अद्याप अस्तित्वात आलेला नाही. तथापि आजचे सांकेतिक संदेश साठवून ठेवून उद्या तसा संगणक हाती येताच त्यांची उकल करणे कोणालाही शक्य आहे. ज्या माहितीचे मोल एका दिवसात संपते तिला यापासून फारशी भीती नाही. परंतु रुग्णाचा वैद्यकीय इतिहास, संरक्षणविषयक आराखडे, नागरिकांच्या ओळखीच्या नोंदी यांची गुप्तता वीस-तीस वर्षे टिकावी लागते. त्यामुळे संकट भविष्यातील असले तरी त्यावरील उपाय मात्र आजच योजणे प्राप्त आहे.

प्रकाशकणांची किल्ली

क्वांटम संदेशवहनाचा पाया घालणारा निबंध डिसेंबर १९८४ मध्ये भारतातच, बंगळूर येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. चार्ल्स बेनेट व जिल्स ब्रासार हे त्याचे लेखक होत. त्यांच्या पद्धतीत मूळ संदेश नेहमीच्याच मार्गाने सांकेतिक स्वरूपात जातो. मात्र तो उलगडण्याची गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणाच्या, म्हणजेच फोटॉनच्या, साहाय्याने दोन्ही टोकांना तयार होते. अज्ञात अवस्थेतील एकट्या प्रकाशकणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले होते. मध्येच कोणी तो कण मोजू पाहिल्यास त्याची अवस्था बदलते आणि किल्लीत चुका शिरतात. पाळत ठेवणाऱ्याने प्रत्येक कण अडवून मोजला, तर सुमारे २५ टक्के चुका आढळतात. चुकांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांच्या पुढे गेल्यास ती किल्ली टाकून दिली जाते. सारांश, चोरी होण्यापूर्वीच चोराची चाहूल लागते.

या पद्धतीस दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, पलीकडच्या टोकाला बसलेली व्यक्ती खरोखर तीच आहे किंवा नाही, हे प्रकाशकण सांगू शकत नाहीत. ओळख पटविण्याची व्यवस्था निराळीच करावी लागते. दुसरी मर्यादा अंतराची. ऑप्टिकल फायबरमधून १०० किलोमीटर जाताना शंभर प्रकाशकणांपैकी सरासरी एकच पलीकडे पोचतो. २०० किलोमीटरला दहा हजारांत एक. नक्कल करता येत नसल्यामुळे वाटेत वर्धक यंत्र बसवून त्यांचे बळ वाढविण्याचाही मार्ग उरत नाही. जो नियम चोराला अडवितो, तोच अभियंत्यालाही अडवितो.

भारतातील प्रगती

या क्षेत्रात भारताने अलीकडच्या काळात लक्षणीय पावले टाकली आहेत. मार्च २०२१ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अहमदाबाद येथे ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून अशी किल्ली पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, दूरसंचारासाठी पूर्वीच टाकलेल्या फायबरमधून, हेच साध्य केले.

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय क्वांटम मिशन’ला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या कालावधीसाठी त्यात ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आहे. देशांतर्गत २,००० किलोमीटर अंतरापर्यंत उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहन आणि तितक्याच अंतरावर शहराशहरांमधून किल्ली-वितरण, ही त्याची दोन प्रमुख उद्दिष्टे आहेत. संदेशवहनविषयक संशोधनाचे केंद्र मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे, तर संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले आहे. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे विकासकेंद्र कार्यरत आहे.

वाटेवरची विश्वस्त केंद्रे

अंतराच्या मर्यादेवर आज उपलब्ध असलेला व्यवहार्य उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याची केंद्रे. चीनमध्ये बीजिंग ते शांघाय ही सुमारे २,००० किलोमीटरची वाहिनी २०१७ मध्ये सुरू झाली, तिच्यावर अशी ३२ केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रात आलेली किल्ली उलगडली जाते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने कुलूपबंद केली जाते. जुन्या काळी टपालाची थैली एका हरकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाई. येथे मात्र प्रत्येक टप्प्यावर थैली उघडूनच पुढे द्यावी लागते. त्या क्षणी किल्ली त्या केंद्रातील यंत्रात उघड्या स्वरूपात असते. म्हणूनच या केंद्रांना ‘विश्वस्त केंद्रे’ असे म्हणतात. हा विश्वास भौतिकशास्त्राने दिलेला नसून तो माणसांनी पाळावयाचा आहे.

उदाहरणादाखल, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने अशी वाहिनी टाकावयाची झाल्यास, बीजिंग-शांघाय वाहिनीच्या प्रमाणाने वाटेत सुमारे दहा विश्वस्त केंद्रे उभारावी लागतील. प्रत्येक केंद्राची इमारत कोणाच्या मालकीची असेल, यंत्रसामग्रीची देखभाल कोण करील, आत प्रवेश कोणास मिळेल, प्रवेशाची नोंद किती काळ जपली जाईल, आणि दहांपैकी एका केंद्रात किल्ली फुटल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी कोणावर राहील, हे प्रश्न तंत्रज्ञांचे नसून कायद्याचे आहेत. वाहिनीच्या दोन टोकांना असलेली बँक किंवा रुग्णालय वाटेवरच्या एकाही केंद्राला ओळखत नसते. करारात केवळ ‘क्वांटम सुरक्षित’ असे लिहून देणाऱ्या सेवादात्याने या केंद्रांची माहिती ग्राहकास देणे बंधनकारक असावे, हे ओघानेच येते.

कायदेशीर संदेशग्रहणाचा प्रश्न

राष्ट्राची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी विशिष्ट परिस्थितीत संदेश अडविण्याचा अधिकार शासनास १८८५ च्या भारतीय तारयंत्र अधिनियमापासून आहे. त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संमत झालेल्या दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २० मध्ये तो कायम ठेवण्यात आला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालील कार्यपद्धतीचे नियमही प्रसिद्ध झाले. त्यांनुसार असा आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव देऊ शकतात व त्याची छाननी पुनर्विलोकन समितीकडून होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये सांकेतिक मजकुराची उकल करण्यास साहाय्य करणे बंधनकारक असून ते नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

क्वांटम वाहिनीवर मात्र तारेस हात लावताच किल्ली रद्द होते. आदेश कायदेशीर आहे की बेकायदेशीर, हे प्रकाशकणास कळत नाही. परिणामी कायदेशीर संदेशग्रहण एकतर वाहिनीच्या टोकाशी किंवा विश्वस्त केंद्रातच करावे लागेल. तसे झाल्यास जी केंद्रे संरक्षणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक, तीच तपासयंत्रणांच्या दृष्टीने सर्वांत सोयीची ठरतील. शासनासाठी ठेवलेल्या दारातून परकीय हेर किंवा फितूर कर्मचारीही शिरू शकतो, याचा विसर पडता कामा नये.

या संदर्भात न्यायालयीन निर्णयांची चौकट स्पष्ट आहे. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याविषयीच्या १९९६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धतीचे निर्बंध घालून दिले, तर २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. कायद्याचा आधार, उचित प्रयोजन आणि प्रयोजनाच्या प्रमाणातच हस्तक्षेप, या कसोट्या क्वांटम जाळ्यासही लागू पडतात. एका व्यक्तीविरुद्धच्या आदेशासाठी संपूर्ण केंद्रातील सर्वांच्या किल्ल्या खुल्या होत असतील, तर ती व्यवस्था या कसोट्यांवर टिकणे कठीण आहे. म्हणून केंद्राची रचना आखतानाच ही मर्यादा यंत्रात बसविली गेली पाहिजे.

किल्ली म्हणजे संदेश काय?

दुसरा प्रश्न व्याख्येचा आहे. दूरसंचार अधिनियमात ‘संदेश’ या संज्ञेत चिन्ह, संकेत, मजकूर, चित्र, ध्वनी, माहितीचा प्रवाह इत्यादींचा समावेश होतो. क्वांटम किल्ली ही मात्र एकाने आधी ठरवून दुसऱ्यास पाठविलेली गोष्ट नव्हे. दोन्ही टोकांच्या मोजमापांतून ती निर्माण होते. केवळ किल्ल्या पुरविणारी आणि संदेश मुळीच न वाहणारी संस्था ही दूरसंचार सेवादाता मानावयाची काय, तिने परवाना घ्यावयाचा काय, आणि संदेशाची उकल करण्याचा आदेश तिच्यावर बजावता येईल काय? व्याख्या व्यापक असल्याने ती लागू करता येईलही. परंतु हा निर्णय पहिला वाद न्यायालयात जाण्यापूर्वी नियमांद्वारे स्पष्ट झाल्यास उद्योजक व ग्राहक या दोघांच्याही हिताचे होईल.

याचीच दुसरी बाजू सेवा खंडित होण्याची. पाळतीची चाहूल लागताच किल्ली टाकून देणे हा या पद्धतीचा गुण होय. परंतु कोणी हेतुपुरस्सर वारंवार फायबरमध्ये व्यत्यय आणल्यास किल्ल्याच तयार होणार नाहीत आणि सुरक्षित संदेशवहन थांबेल. वीज, रेल्वे, बँका यांसारख्या सेवांसाठी पर्यायी मार्ग ठेवण्याची सक्ती म्हणूनच आवश्यक ठरते.

स्वाक्षरीचा कायदा आणि सातबारा

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आज डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा संगणकावर मिळतो. त्यासाठी तलाठ्याच्या सही-शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही. या स्वाक्षरीस कायद्याचे बळ माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ३ ने दिले आहे. एक गुप्त व एक उघड अशा दोन किल्ल्यांच्या जोडीवर आधारलेली पद्धती त्या कलमात नमूद आहे. आजच्या प्रचलित जोड्या मात्र त्याच गणितावर उभ्या आहेत, ज्याला क्वांटम संगणकापासून धोका आहे. उद्या स्वाक्षरी बनविता येऊ लागली, तर प्रश्न गुप्ततेचा न राहता जमिनीच्या मालकीचा होईल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. क्वांटम जाळे गुप्त किल्ली देते, स्वाक्षरी देत नाही. स्वाक्षरीचे संरक्षण नव्या गणिती पद्धतींनीच होऊ शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये आरंभिलेल्या खुल्या निवडप्रक्रियेनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी अशा तीन पद्धतींची मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोन स्वाक्षरीच्या आहेत. त्याही दोन किल्ल्यांच्या जोडीवरच चालत असल्याने आपल्या मूळ कलमात त्यांना अडसर नाही. शिवाय २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३-अ खाली इतर तंत्रांना मान्यता देण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. बदल करावयाचा आहे तो नियमांत आणि प्रमाणन व्यवस्थेत. जुन्या पद्धतीने स्वाक्षरित झालेल्या लक्षावधी अभिलेखांवर, ती पद्धती निकामी होण्यापूर्वीच, नव्या पद्धतीची मोहोर उठविण्याचे काम त्याहून मोठे आहे.

मानके, प्रमाणपत्रे आणि निर्यात

तत्त्वाने अभेद्य असलेली पद्धती यंत्रात उतरताना सदोष होऊ शकते. २०१० मध्ये संशोधकांनी बाजारात उपलब्ध असलेल्या क्वांटम यंत्रांच्या ग्राहकांवर प्रखर प्रकाश टाकून, चाहूल लागू न देता, किल्ली मिळवून दाखविली. त्या दोषावर उपाय निघाले. परंतु यंत्राची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेने केल्याखेरीज ते खरेदी करू नये, हा धडा कायमचा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ पासून किल्ली-वितरणाच्या जाळ्यांविषयी शिफारशी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. भारतातही दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने अशा यंत्रणेसाठी आवश्यक निकष निश्चित केले आहेत. निकषांना प्रयोगशाळा, परीक्षक आणि नियतकालिक फेरतपासणी यांची जोड मिळाली, तरच त्यांचा उपयोग.

क्वांटम कूटलेखनाची साधने संरक्षणासही उपयोगी असल्याने त्यांच्या निर्यातीवर वासेनार व्यवस्थेखाली नियंत्रण आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला. परिणामी एखाद्या नवउद्योगाने परदेशात यंत्र पाठविणे अथवा तेथून सुटे भाग आणणे, या दोन्हींसाठी परवान्यांचा विचार करावा लागतो. उपग्रहांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मिशियस’ उपग्रहाच्या साहाय्याने २०१७ मध्ये बीजिंग व व्हिएन्ना यांमध्ये सुरक्षित चित्रसंभाषण झाले. तेथे उपग्रह हाच विश्वस्त होता. दोन देशांची किल्ली तिसऱ्या देशाच्या उपग्रहावर तयार होऊ लागल्यास तिच्यावर अधिकार कोणत्या कायद्याचा, याचे उत्तर द्विपक्षीय करारांतूनच शोधावे लागेल.

दोन मार्ग, एक धोरण

क्वांटम जाळे आणि नवी गणिती पद्धती हे दोन मार्ग परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. तथापि त्यांचा खर्च आणि पल्ला भिन्न आहे. जाळ्यासाठी नवी यंत्रे, फायबर आणि संरक्षित केंद्रे लागतात. गणिती पद्धती बव्हंशी संगणकप्रणालीत बदल करून अमलात आणता येतात. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी येथील सुरक्षा संस्थांनी सर्वसाधारण वापरासाठी गणिती पद्धतींनाच प्राधान्य दिले आहे. दुसरीकडे युरोपीय संघाची सर्व २७ सदस्य राष्ट्रे सामाईक क्वांटम जाळे उभारण्याच्या उपक्रमात सहभागी झाली आहेत. भारतानेही दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत, हे दूरदर्शीपणाचेच होय.

मात्र अग्रक्रम ठरविताना सामान्य नागरिक दृष्टीआड होता कामा नये. क्वांटम वाहिनी प्रथम संरक्षण दलांस आणि मोठ्या बँकांस उपलब्ध होईल. जिल्हा रुग्णालय, नगरपालिका आणि सहकारी पतसंस्था यांची माहितीही तितकीच दीर्घकाळ जपावयाची आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काल ‘वाजवी’ असलेला उपाय उद्याही वाजवी राहील काय, हे ठरविताना लहान संस्थांना मुदत, मार्गदर्शन आणि साहाय्य मिळणे अगत्याचे आहे. आपल्या कार्यालयात कोणती कूटपद्धती कोठे वापरात आहे याची सूची तयार करणे, ही त्याची पहिली पायरी असून ती चढण्यास क्वांटम यंत्राची आवश्यकता नाही.

धोरण घाईने आखल्यास काय होते, याचा अनुभव देशाला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कूटलेखन धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपल्या संदेशांची मूळ प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी अट होती. तीव्र टीकेनंतर तो काही दिवसांतच मागे घेण्यात आला. विषय तांत्रिक असला तरी त्यावरील चर्चा व्यापक असावी, हा त्याचा बोध.

तारयंत्राच्या आगमनानंतर त्याचे नियमन करणारा कायदा स्थिरावण्यास काही दशके लागली, आणि तो कायदा पुढे शतकाहून अधिक काळ टिकला. क्वांटम जाळ्याच्या बाबतीत देशाला तेवढी सवड मिळणार नाही. सुदैवाने त्याचा फारच थोडा भाग आज प्रत्यक्षात उभारला गेला आहे. केंद्रांचे नकाशे अजून कागदावर आहेत. विश्वस्त केंद्राची जबाबदारी, संदेशग्रहणाच्या मर्यादा, स्वाक्षरीचे नूतनीकरण आणि लहान संस्थांचे हित या चार बाबी त्या नकाशांबरोबरच निश्चित झाल्या, तर या तंत्राचा लाभ सुरक्षिततेसोबत विश्वासाच्याही रूपाने जनतेच्या पदरी पडेल.